आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही

भोंगाबाईंनी पत्र वाचायला सुरुवात केली आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीतल्या कपाटाची काच थरथरायला लागली. बाहेर मैदानावर कवायत चालली होती. ती पोरं एक-दोन विसरून तशीच उभी राहिली, एकेक पाय हवेत. पलीकडच्या रस्त्यावर एक गृहस्थ सायकलवरून उतरले आणि आपल्यालाच कुणी हाक मारली का, म्हणून वर बघायला लागले.

पत्रात लिहिलं होतं, "आपला आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही."

हे वाक्य भोंगाबाईंनी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे चित्रकलेचे सर खाली आले आणि दारातूनच म्हणाले, "पोचला बाई, पोचला. माझ्या रंगाच्या पाण्यात लाटा उठल्या."

"तुम्ही जा हो वर!" भोंगाबाई म्हणाल्या. सर गेले.

नाव पोरांनीच ठेवलेलं. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सहावीला गणित शिकवायच्या त्या. एकेचाळीस पोरं एका वर्गात, आणि पाढा चुकला की चुकणाऱ्याला तर कळायचंच, पण शेजारच्या इमारतीतला दातांचा डॉक्टरही यंत्र थांबवून बरोबर उत्तर मनात म्हणायचा. अशा बाईला जिल्हा कार्यालयाचा कागद आला होता, की तुमचा आवाज पोचत नाही. म्हणून येत्या एक तारखेपासून तुमच्याकडचा वर्ग काढून घेत आहोत. तुम्ही आमच्या पुस्तकभांडारात हजर व्हायचं आणि गठ्ठे बांधायचे.

"एकवीस वर्षं," भोंगाबाई आता हळू बोलल्या. त्या हळू बोलल्या की ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा. "एकवीस वर्षं शिकवतेय मी. गठ्ठे बांधू? आणि हे लिहिलंय कुणी? सोबतच्या फॉर्मखाली सही कुणाची आहे, मोठ्या बाई?"

सही मोठ्या बाईंची होती.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीने त्या पाचवीतल्या पोरींमध्ये हरवायच्या, पण खुर्ची मोठी म्हणून बाई मोठ्या. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. सही त्यांचीच होती, शेवटच्या वेलांटीसकट.

"तुम्ही माझ्या वर्गात शेवटच्या कधी आला होतात?" भोंगाबाईंनी विचारलं.

"आले होते की."

"चार मिनिटं. नळवाल्याला घेऊन. त्याला भिंतीतला पाइप दाखवायला."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा वर केला.

"तीन वर्षं म्हणतेय मी तुम्हाला, एक तास येऊन बसा, माझं काय चुकतं ते सांगा. अपूर्णांकात दरवर्षी निम्मी पोरं माझ्या हातून निसटतात, का निसटतात ते मला कळत नाही. आला नाहीत. आणि आता हे!" पत्र टेबलावर आपटून त्या गेल्या. दार त्यांनी हळूच लावलं, आणि ते जास्त झोंबलं.

मोठ्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण कुणाला भाजायचं तेच कळत नव्हतं, कारण पहिली गुन्हेगार त्या स्वतःच होत्या.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी जिल्हा कार्यालयाकडून मूल्यमापनाचे फॉर्म आले. एका शिक्षकामागे अठ्ठेचाळीस चौकटी. बारा शिक्षक. मुदत सहा दिवस. सोबत सूचनांचं बाड, इतकं जाड की कारकुनाने ते खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर चढून उंच खिडकीचा खिळा ठोकला. रोज सकाळी आठ वाजता फोनवर आठवण यायची, "आपले बारा फॉर्म बाकी आहेत." दुसऱ्या दिवशी, "आपले बारा फॉर्म अद्याप बाकी आहेत." त्याच आठवड्यात पाण्याची टाकी फुटली, दोन शिक्षक तापाने पडले, त्यांचे वर्ग मोठ्या बाईंनीच घेतले. आणि एका पालकांनी येऊन पाऊण तास भांडण केलं की त्यांच्या मुलाच्या डब्याचं झाकण दुसऱ्याच मुलाने नेलं.

अकरा फॉर्म त्यांनी कसेबसे भरले. वर्गाच्या दारातून डोकावायचं, बरं चाललंय असं दिसलं की बऱ्या चौकटीत खूण. मग कार्यालयातून फोन आला. "मोठ्या बाई, तुमचे सगळेच शिक्षक उत्तम कसे? सुधारणेच्या यादीत शाळेमागे एक तरी नाव हवं. नाहीतर फाइल परत येईल."

"पण कुणाचं घालू?"

"ते तुम्ही ठरवा. नमुना पाठवलाय ना आम्ही?"

नमुना पाठवला होता खरा. कच्च्या शिक्षकाचा फॉर्म कसा भरायचा त्याचा एक भरलेला कागद, कल्पनेतल्या कुणा शिक्षकाचा. त्यात लिहिलं होतं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, सहाला मुदत संपायची. मोठ्या बाईंनी विचार केला, हा नमुना जशाच्या तसा उतरवायचा. पण कुणाच्या नावावर? नव्या लागलेल्या शिक्षिकेच्या नावावर घातला तर ती रडेल. चित्रकलेच्या सरांच्या नावावर घातला तर ते भांडतील. भोंगाबाईंच्या नावावर घातला तर? या बाईचा आवाज पोचत नाही यावर कोण विश्वास ठेवणार! कार्यालयातलं कुणीतरी वाचेल, हसेल आणि फाडून टाकेल. भोंगाबाईही हसतील.

कुणी वाचलं नाही, म्हणून कुणी हसलं नाही. आणि कागदाने आपलं काम केलं.

घरी गेल्यावर मोठ्या बाईंनी पिशवी भिरकावली. नवरा शर्टांच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर टेबलावर शर्ट उलटेपालटे करायचे, शिवण ओढून बघायची, ठीक असेल तर कॉलरच्या आत खडूची खूण करायची, एवढं त्याचं काम. तो कांदा चिरत होता.

"अहो, मी आज एका बाईचा गळा कापला," त्या म्हणाल्या.

"कुठल्या?"

सगळं सांगितलं. नवऱ्याने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तू शर्ट न बघता खडू मारलास."

"बारा शर्ट, सहा दिवस, आणि वर टाकी फुटलेली!"

"मी न बघता खडू मारला असता ना, तर आमच्या मुकादमाने मला त्याच शर्टात गुंडाळून गिऱ्हाइकाला पाठवलं असतं."

"तुमचा मुकादम काय मोठा देव लागून गेला?"

"देव कसला, खवीस आहे," नवरा म्हणाला. "पण एक सांगतो. मी लागलो तेव्हा पहिले दोन महिने तो माझ्या शेजारी उभा राहायचा. एकच शर्ट, आधी मी तपासायचा, मग तो. मी म्हणायचो ठीक, तो म्हणायचा काखेत ओढ बसते. मग दोघं भांडायचो. हळूहळू दोघांच्या खडूची खूण एकाच शर्टावर पडायला लागली, तेव्हा तो बाजूला झाला. आता सांग, तुझ्या शेजारी कोण उभं राहिलं होतं?"

मोठ्या बाईंनी एक कांदा सोलायला घेतला.

"आठ वाजताचा फोन," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग उद्या जाऊन त्या फोनशी भांड. माझ्यावर काय पिशव्या फेकतेस? आत अंडी होती का?"

होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई जिल्हा कार्यालयात गेल्या. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दारावर दुसऱ्या दाराकडे जा असं सांगणारा माणूस. पहिला म्हणाला, फॉर्म आता बंद झालेत, संगणकाचं यंत्र उघडत नाही. दुसरा म्हणाला, यंत्र उघडतं, पण कारण लिहावं लागतं आणि कारणांच्या यादीत 'चुकून' नाही.

"मग काय आहे यादीत?"

"मृत्यू, बदली, निवृत्ती."

"कुणाचा मृत्यू? माझा चालेल?"

तो माणूस खरंच यादी बघायला लागला. मोठ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि तिसऱ्या दाराकडे वळल्या. तिथे शिपायाने सांगितलं, वर सभागृहात सगळे मुख्याध्यापक जमलेत, प्रमुखसाहेब निकाल सांगताहेत, तुम्ही इथे काय करताय? सकाळी आठ वाजताच्या फोनमध्ये ही सभा सांगितली होती. पण मोठ्या बाईंनी आज तो फोन उशीखाली कोंबला होता.

त्या मागच्या दाराने आत शिरल्या. एकतीस शाळांचे एकतीस मुख्याध्यापक. पुढे पडदा, पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब. जिल्ह्याचे शिक्षणप्रमुख, ज्यांना सगळे प्रमुखसाहेब म्हणत, हातात काठी घेऊन उभे. उंच, स्वच्छ माणूस. शर्टाची इस्त्री इतकी कडक की बसला तर मोडेल.

"हा सर्वांत उंच खांब बघा," ते म्हणत होते. "एकतीसपैकी सत्तावीस शाळांनी एकच दोष कळवला आहे. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. मित्रहो, आपल्या जिल्ह्यात आवाजाचं संकट आहे!"

मोठ्या बाईंनी शेजारी पाहिलं. नदीपलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होते. त्यांच्या पलीकडच्या बाई छताकडे बघत होत्या, जणू वर पाल आहे.

"म्हणून आम्ही तातडीने उपाय केला आहे," प्रमुखसाहेब पुढे म्हणाले. "प्रत्येक शाळेसाठी गळ्याच्या व्यायामाचे वर्ग ठरवले आहेत. गाण्याचे चार शिक्षक बोलावलेत. कोमट पाण्याच्या गुळण्यांचं वेळापत्रकही आपल्याला मिळेल."

वेळापत्रकाचे कागद खरंच फिरायला लागले. मोठ्या बाईंच्या हातात एक आला. सकाळी दहा, दुपारी एक, सायंकाळी चार. भोंगाबाई गुळण्या करताहेत असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. गुळणीच्या आवाजाने शहरातले निम्मे लोक छत्री घेऊन बाहेर पडले असते. हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहूनही कुणाला दिसेनात, म्हणून खुर्चीवर चढल्या.

"साहेब, ते वाक्य तुमचं आहे!"

"काय म्हणालात?"

"तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातलं आहे ते. कल्पनेतल्या शिक्षकाचा जो फॉर्म पाठवलात ना, त्यातलं. आम्ही उतरवलं. सत्तावीस जणांनी उतरवलं, म्हणून खांब उंच झाला. जिल्ह्यात कुणाचा आवाज गेलेला नाही. गेली असेल तर आमची लाज गेलीय."

तीस माना मागे वळल्या.

प्रमुखसाहेबांनी काठी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही वर्ग न पाहता सही केलीत? हे तुम्ही सगळ्यांसमोर कबूल करताय? याचा अर्थ ठाऊक आहे?"

ठाऊक होता. खुर्ची जाणार. क्षणभर त्यांना वाटलं, खाली उतरावं, गुळण्यांचं वेळापत्रक घडी करून पिशवीत टाकावं आणि घरी जावं. भोंगाबाईंना सांगावं, प्रयत्न केला. मग डोळ्यांपुढे ते हळूच लावलेलं दार आलं.

"हो. न पाहता केली. लिहून देते, द्या कागद. पण माझी सही न पाहता झाली म्हणून त्या बाईंचा वर्ग का जावा? माझी खुर्ची घ्या, त्यांचा वर्ग ठेवा. आणि आता मी विचारते, सांगा. तुम्ही आम्हाला काय दिलंत? अठ्ठेचाळीस चौकटी आणि आठ वाजताचा फोन. चांगला तास कसा असतो, त्यावर या सभागृहात दोन माणसं तरी कधी बोललीत? कुणी आमच्या शेजारी येऊन बसलं? मी मुख्याध्यापिका झाले त्या दिवशी मला चाव्यांचा जुडगा मिळाला. कुठली चावी कुठली, तेही कुणी सांगितलं नाही. टाकी मी बघायची, छत मी बघायचं, डब्याचं झाकण मी शोधायचं, आणि उरलेल्या वेळात बारा माणसांचं भवितव्य लिहायचं!"

"माझी पंधरा आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझी बावीस," नदीपलीकडचे मुख्याध्यापक नाडी तशीच सोडून उभे राहिले. "आणि साहेब, माझ्याही शाळेतून तेच वाक्य गेलंय. ज्या शिक्षकाच्या नावावर घातलं ते खेळाचे शिक्षक आहेत. त्यांच्याकडे शेवटचा बाकच नाही. मैदान आहे."

कुणीतरी हसलं, आणि मग बांध फुटला. एकेक जण उठून आपापलं पाप सांगायला लागला. एका बाईंनी तर त्या महिन्यात रजेवर असलेल्या शिक्षिकेचा आवाज पोचत नाही असं कळवलं होतं.

"बसा! सगळे खाली बसा!" प्रमुखसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. आणि गंमत बघा, त्यांचा आवाज काही शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही. मग ते मोठ्या बाईंकडे बोट करून म्हणाले, "ठीक आहे. तुम्हाला शेजारी बसणारं माणूस हवंय ना? उद्या तिसऱ्या तासाला मी येतो. त्या बाईंच्या वर्गात. दोघंही बसू, दोघंही लिहू. आणि बाई कच्च्या निघाल्या तर दोघींचेही कागद मी स्वतः टाइप करीन."

"या. उशीर करू नका. त्या दार लावून घेतात."

दुसऱ्या दिवशी प्रमुखसाहेब आले. सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर दोघं बसले. बाक पोरांच्या मापाचा. मोठ्या बाई बरोबर मावल्या. साहेबांचे गुडघे मात्र कानाला लागले, आणि इस्त्री पहिल्या मिनिटात मोडली.

भोंगाबाईंनी दोघांकडे पाहिलंही नाही. रात्रभर त्यांनी चीड उकळत ठेवली असणार, डोळ्यांत दिसत होती. पण पोरांकडे वळल्या आणि ती कुठच्या कुठे गेली.

"आज ही जमीन वर्तमानपत्राने झाकायची," त्या म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या पोराचे केस वाऱ्यावर उडाल्यासारखे मागे गेले. "किती पानं लागतील? आधी अंदाज. मग मोजू."

एकेचाळीस पोरं जमिनीवर उतरली. गोंगाट म्हणजे काय, बाजार बरा. कुणी म्हणालं साठ पानं, कुणी दोनशे. एकाने हजार म्हटलं आणि त्याचे मित्र त्याच्यावर तुटून पडले. पानं पसरली, कमी पडली. मग एका पोरीला कळलं, सगळी जमीन झाकायची गरजच नाही, एक बाजू मोजायची, दुसरी मोजायची आणि गुणायचं. ती आपल्या शोधाने इतकी हरखली की उभ्या उभ्या एक गिरकी घेऊन तिने कचऱ्याची टोपली पाडली.

साहेब लिहीत होते. मोठ्या बाईही लिहीत होत्या. चाळीस मिनिटं, पहिल्यांदाच, कुणी नळवाला आला नाही. कारकुनाला त्यांनी दारातच उभं केलं होतं, टाकी पुन्हा फुटली तरी तूच बघ म्हणून.

तास संपला. दोघं नकाशे ठेवायच्या खोलीत गेले आणि दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही शिस्तीला शून्य दिलंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग? पोरं जमिनीवर लोळत होती. कचरा सांडला. फळ्यावर तारीखसुद्धा नव्हती."

"ती पोरगी गुणायला लागली ते पाहिलंत?"

"कुठली पोरगी?"

"जिने कचरा सांडला ती."

साहेबांनी आपला कागद पुन्हा चाळला. "मी टोपली बघत होतो," ते म्हणाले.

"मी ती पोरगी बघत होते. आता सांगा, कुणाचा फॉर्म खरा?"

अठ्ठेचाळीस चौकटींपैकी एकवीस जुळत नव्हत्या. एकच तास, एकच बाक, चार डोळे, आणि एकवीस चौकटींत भांडण. प्रमुखसाहेब पुन्हा पुन्हा कागद उलटसुलट करत होते.

"ही सतरावी चौकट," ते शेवटी म्हणाले, "'अध्यापनातील समतोल'. म्हणजे काय हो?"

"मला विचारता? तुमचा फॉर्म आहे."

"माझा कसला, हा समितीने..."

"खाली सही कुणाची आहे?"

साहेबांनी खाली पाहिलं. छापील सही त्यांचीच होती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"वाचला नव्हता मी हा," ते म्हणाले. "सहा दिवसांत पाठवा म्हणून वरून फोन येत होता."

मोठ्या बाईंना वाटलं होतं, हे ऐकून आपला राग उतरेल. उतरला नाही. उलट वाढला. खालपासून वरपर्यंत एकानेही डोळे उघडले नव्हते, आणि मधल्या मध्ये गठ्ठे बांधायला भोंगाबाई निघाल्या होत्या.

"पेन काढा," त्या म्हणाल्या. "आधी ते वाक्य खोडा. तुमच्या हाताने. सत्तावीस शाळांचं."

"यंत्र बंद आहे म्हणतात खाली..."

"यंत्राला सांगा, मृत्यू म्हणून. त्या नमुन्याचा."

त्यांनी पेन काढलं. भोंगाबाईंच्या फॉर्मवरचं वाक्य खोडलं, वर्ग कायम असं लिहिलं, सही केली. या वेळी वाचून. मग मोठ्या बाई एकेक सांगत गेल्या आणि ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. सुधारणेची यादी रद्द, सत्तावीस शाळांचा तो शेरा रद्द. आठवड्यातला एक दिवस टाकी, छत आणि झाकणं कार्यालयाचा माणूस बघेल. त्या दिवशी मुख्याध्यापक फक्त वर्गात बसेल. दोन शाळांचे मुख्याध्यापक एकमेकांकडे जातील, एकच तास बघतील आणि भांडतील. महिन्यातून एकदा साहेब स्वतः.

"या बाकावर?" साहेबांनी गुडघा चोळत विचारलं.

"याच."

"आणि तुमचं काय? तुम्ही लिहून दिलंत, न पाहता सही केली म्हणून. ते मला फाडता येणार नाही."

"फाडू नका. खरं आहे ते."

साहेब गेले. मोठ्या बाईंच्या फायलीत तो कागद कायमचा राहणार होता. पण आता त्यांना त्याहून अवघड काम होतं. त्यांनी भोंगाबाईंना बोलावलं, खोडलेला फॉर्म पुढे ठेवला.

भोंगाबाईंनी वाचला. आभार मानले नाहीत. "म्हणजे माझंच होतं ते मला परत मिळालं," त्या म्हणाल्या.

"हो. आणि मी चुकले. त्या दिवशी तुमचं नाव घातलं, कारण वाटलं तुम्ही हसून सोडाल."

"हसले नाही मी."

"दिसलं मला." मोठ्या बाईंनी वही पुढे ओढली. "आता आज पाहिलेलं सांगू? खरं पाहिलेलं?"

"सांगा ना. तीन वर्षं तेच मागतेय."

"तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मी मोजलं. चौदा प्रश्न विचारलेत, त्यातल्या अकरांची उत्तरं तुमची. पोरांचं तोंड उघडेपर्यंत तुम्ही थांबतच नाही. वर्तमानपत्रं होती म्हणून आज ती पोरगी सुटली. अपूर्णांकाला वर्तमानपत्रं नसतात."

भोंगाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. खोटा शेरा त्यांनी मोठ्याने वाचला होता. हा खरा होता, आणि तो आत कुठेतरी जाऊन रुतला. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, दार उघडलं. मोठ्या बाईंनी कपाटाच्या काचेकडे पाहून डोळे मिटून घेतले.

काच वाजली नाही. भोंगाबाई परत आल्या, खुर्ची ओढली आणि धपकन बसल्या.

"कुठले अकरा? दाखवा."

मोठ्या बाईंनी वही उघडली. "पहिला. 'एका पानाची लांबी किती?' एक सेकंदसुद्धा थांबला नाहीत."

"ते तर पोरांना माहीतच होतं!"

"मग विचारलंत कशाला?"

"विचारायचं असतं म्हणून. पुढचा सांगा."

दुसरा त्यांनी दात-ओठ खात कबूल केला. तिसऱ्यावर दोघींचं असं जुंपलं की घंटा झाली, ती कुणालाच ऐकू आली नाही.